तळं राखणाऱ्याने किती पाणी चाखावं?

पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाने यंदाच्या, म्हणजे २०२५–२६ च्या हिवाळ्यात पैसे खर्च केले. यात बातमी ती काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पिट्सबर्गमध्ये मात्र फटाके वाजायचेच तेवढे बाकी राहिले. डिसेंबरमध्ये तीन संघांच्या अदलाबदलीतून टँपा बेचा ब्रँडन लाऊ आला. गेल्या मोसमात त्याने ३१ होम रन, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखे थेट कुंपणापारचे फटके मारले होते. त्याच महिन्यात बॉस्टनकडून गार्सिया नावाचा तरुण आउटफिल्डर, म्हणजे सीमेकडचा क्षेत्ररक्षक आला. त्याच्या पहिल्या नावाचं स्पेलिंग इतकं अचाट आहे की त्याचं टोपणनावच 'पासवर्ड' पडलंय. पाठोपाठ रायन ओहर्न हा ऑल-स्टार फलंदाज दोन वर्षांसाठी २ कोटी ९० लाख डॉलरला करारबद्ध झाला. मधल्या काळात काइल श्वार्बरसारख्या बड्या फटकेबाजाला चार वर्षांसाठी बारा कोटींच्या घरातला प्रस्ताव दिल्याच्याही बातम्या होत्या. तो अपेक्षेप्रमाणे फिलाडेल्फियातच राहिला, पाच वर्षं आणि पंधरा कोटी घेऊन.

हे सगळं वाचून आनंद झाला आणि पाठोपाठ डोकंही फिरलं. जे यंदा जमलं ते गेल्या वर्षी का जमलं नाही, त्याच्या आदल्या वर्षी का नाही, हे कुणी सांगत नाही. मालक तोच, शहर तेच, मैदान तेच. मग इतकी वर्षं 'आमचं गाव लहान, आमची ऐपत नाही' हे रडगाणं कशासाठी चाललं होतं?

खर्च करायचा की नाही हे मालकाच्या लहरीवर सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या संघाला लीगच्या सामायिक तिजोरीतून वाटा मिळतो आणि ज्याचं मैदान करदात्यांच्या पैशातून उभं राहिलंय, त्याच्यावर खेळाडूंसाठी किमान अमुक इतका खर्च करण्याची सक्ती हवी. हा विषय आत्ताच काढायचं कारण म्हणजे मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतोय. त्यानंतर मैदानांना टाळं लागण्याची भीती सगळेच बोलून दाखवताहेत. त्या वाटाघाटींच्या टेबलावर काय ठेवायचं, हे आता ठरेल.

आधी पायरेट्सचं दुखणं नीट पाहू. त्यांच्याकडे पॉल स्कीन्स नावाचा पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज आहे. पिचरची किंमत ईआरए या आकड्यावरून करतात: नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर सरासरी किती धावा लागल्या. तीनच्या आत असेल तर माणूस उत्तम. स्कीन्सचा २०२५ चा ईआरए होता १.९७. नॅशनल लीगमधल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. आणि त्याच मोसमात त्याच्या नावावर विजय लागले १०, पराभवही १०. कारण तो गोलंदाजी करत असताना त्याचे स्वतःचे फलंदाज धावाच काढत नव्हते. १६२ सामन्यांत पायरेट्सने ५८३ धावा केल्या, तीसही संघांत सर्वांत कमी. होम रन ११७, तेही तळाला.

हे संकट आभाळातून कोसळलेलं नव्हतं. फलंदाजी लंगडी आहे हे २०२४ च्या अखेरीला शेंबड्या पोरालाही दिसत होतं. तेव्हा क्लबने काय केलं? स्पेन्सर हॉरविट्झ हा पहिल्या बेसवरचा खेळाडू अदलाबदलीत घेतला, त्याच्या मनगटावर लगेच शस्त्रक्रिया करावी लागली. सदतिशीला टेकलेला टॉमी फॅम ४० लाखांना, आणि आपलाच जुना ॲडम फ्रेझियर त्याहून कितीतरी स्वस्तात, दोघंही एकेका वर्षासाठी. संपलं. नुकतं मिसरूड फुटलेल्या स्कीन्ससारख्या हिऱ्याभोवती बाजारात उरलेला माल लावायचा आणि वर म्हणायचं, आम्ही स्पर्धेत आहोत. मे महिन्यात १२ विजय आणि २६ पराभव अशी अवस्था झाल्यावर मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, डेरेक शेल्टनला घरी पाठवलं. डॉन केली आला. त्याने बऱ्यापैकी सावरलं, तरी शेवट ७१ विजय, ९१ पराभव असाच झाला.

स्कीन्सला त्या वर्षी पगार होता पावणेनऊ लाख डॉलरच्या आसपास. बेसबॉलमध्ये खेळाडू पहिली तीन वर्षं जवळपास किमान वेतनावर राबतो, पुढची तीन वर्षं लवादाने ठरवलेल्या पगारावर, आणि सहा वर्षांनंतर कुठेही जायला मोकळा होतो. स्कीन्सचा तो दिवस २०२९ च्या मोसमानंतर येईल. म्हणजे जगातला बहुधा सर्वोत्तम पिचर आणखी चार मोसम पायरेट्सच्या ताब्यात आहे. क्लबच्या संघबांधणीचे प्रमुख बेन चेरिंग्टन यांना नोव्हेंबरमध्ये जाहीरपणे सांगावं लागलं की २०२६ मध्ये तो इथेच असेल. जो संघ खरोखर जिंकायला निघालाय, त्याच्या प्रमुखावर अशी ग्वाही द्यायची वेळ का यावी?

चेरिंग्टन २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आले. तेव्हापासून बाहेरच्या एकाही करारमुक्त खेळाडूला त्यांनी एकाहून जास्त वर्षांचा करार दिला नव्हता. ओहर्न पहिला. सहा हिवाळे कोरडे गेल्यावर सातव्यात हा शुभमुहूर्त लागला.

स्वस्तात घबाड शोधायची या क्लबला जुनी सवय आहे, आणि तिचा एक धागा भारतापर्यंत येतो. २००८ मध्ये भारतात सर्वांत वेगाने चेंडू फेकणाऱ्यासाठी एक इनामी स्पर्धा झाली होती. त्यातून पुढे आलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, ज्यांनी तोवर बेसबॉल हातातही धरला नव्हता, त्यांना करारबद्ध करणारा क्लब पायरेट्सच. दोघांनी घाम गाळला. दिनेश लवकर परतला, रिंकू काही वर्षं खालच्या पातळीवर टिकला, मग दुखापतींनी थांबला आणि पुढे कुस्तीच्या तमाशात 'वीर महान' म्हणून गाजला. दोष त्या पोरांचा मुळीच नाही, त्यांनी जे केलं ते कौतुकाचंच. पण त्या वर्षी पायरेट्स ९५ सामने हरले होते आणि त्यांना खरी गरज होती ती सिद्ध झालेल्या खेळाडूंची.

आता पैशाकडे येऊ.

मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ आपल्या स्थानिक उत्पन्नातला ४८ टक्के वाटा एका सामायिक तिजोरीत टाकतो आणि ती रक्कम तीसही संघांत सारखी वाटली जाते. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस देणारे. पिट्सबर्ग, मायामी घेणारे. शिवाय देशव्यापी टीव्ही हक्कांचे पैसे सगळ्यांना समान. कल्पना उत्तम आहे. लहान शहरातल्या पोरालाही आपला संघ जिंकताना दिसावा, यासाठी मोठ्या शहराने हात सैल करायचा. पण आलेला पैसा खेळाडूंवरच खर्चायचा, असं बंधन मात्र पुसट. तळं राखी तो पाणी चाखी, ही म्हण जणू या व्यवस्थेसाठीच जन्माला आली असावी.

हा हवेतला आरोप नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये पायरेट्सचे हिशेबाचे कागद फुटले आणि छापून आले. २००७ मध्ये संघ ९४ सामने हरला होता, २००८ मध्ये ९५. त्या दोन वर्षांत मिळून क्लबला नफा झाला होता सुमारे २ कोटी ९० लाख डॉलरचा. गंमत बघा, अगदी ओहर्नला आज देऊ केलेली रक्कम. क्लबचा खुलासा होता की पैसा कर्जफेडीत आणि तरुण खेळाडू घडवण्यात घातला. त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये त्यांनी नवी अकादमी काढली, ड्राफ्टमधून, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या आळीपाळीने होणाऱ्या निवडीतून, घेतलेल्या पोरांवर पैसा ओतला, आणि २०१३ मध्ये सलग वीस पराभूत मोसमांचा अपमान संपला. उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही व्यावसायिक संघाने इतकी वर्षं सलग मार खाल्लेला नव्हता. २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षं हे शहर पुन्हा बेसबॉलचं झालं. २०१५ मध्ये तर ९८ विजय.

आणि मग? त्या संघाला वरच्या पायरीवर नेण्यासाठी जो खर्च लागला असता, तो झाला नाही. २०१८ च्या जानेवारीत दोन दिवसांच्या अंतराने गेरिट कोल ह्यूस्टनला गेला आणि अँड्र्यू मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोला. मॅककचन म्हणजे पिट्सबर्गचा लाडका, २०१३ चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. कोलला पुढे न्यूयॉर्क यांकीजने ३२ कोटी ४० लाखांचा करार दिला. २०१८ च्याच फेब्रुवारीत खेळाडूंच्या संघटनेने पायरेट्ससह चार क्लबांविरुद्ध तक्रार दाखल केली: सामायिक तिजोरीतला पैसा हे लोक संघावर खर्चत नाहीत. ये रे माझ्या मागल्या.

पैसे टाकले की विजय मिळतो, असं मी मानत नाही. मानलं तर शेजारचाच पुरावा तोंडावर मारला जाईल. मिलवॉकी हे पिट्सबर्गसारखंच आटोपशीर शहर, गटही तोच, आणि पगाराचा आकडा मोठ्या संघांच्या निम्म्याहूनही कमी; २०२५ मध्ये सबंध लीगमध्ये सर्वाधिक, ९७ सामने त्यांनी जिंकले. टँपा बेने तर काटकसरीची विद्याच बनवली. उलट पायरेट्सने धाडस केलं तेव्हा काय दिवे लावले, तेही आठवतं. २०१८ च्या जुलैमध्ये ख्रिस आर्चर या पिचरसाठी त्यांनी टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तीन तरुण टँपाला देऊन टाकले. आर्चर इथे चमकलाच नाही. ग्लासनाऊ आज लॉस एंजेलिस डॉजर्सकडून खेळतो आणि विश्वविजेता आहे. सक्तीने शहाणपण येत नाही, हे कबूल.

मिलवॉकीचं उदाहरण मालकांचे वकील ज्या उत्साहाने देतात, त्यातली मेख मात्र ओळखायला हवी. मिलवॉकी कमी खर्चात जिंकते कारण तिथली माणसं हुशार आहेत. पिट्सबर्ग कमी खर्चात हरतं आणि तरीही मालकाचं काही बिघडत नाही. बाकी कुठल्याही धंद्यात इतका वाईट माल विकला तर दुकान बंद पडेल. इथे गल्ला भरलेलाच राहतो, कारण मोठा हिस्सा दुसऱ्यांच्या खिशातून येतो. युरोपातल्या फुटबॉलसारखं तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलण्याची पद्धत इथे नाही. उलट हरणाऱ्याला ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळतो. स्कीन्स मिळाला तो असाच, आधीच्या मोसमात शंभर सामने हरल्यावर निघालेल्या सोडतीत पहिला नंबर लागल्यामुळे.

यावर कुणी म्हणेल, खासगी माणसाचा खासगी धंदा आहे, त्याने किती कमवायचं हे तुम्ही कोण ठरवणार? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मैदानाची गोष्ट सांगायला हवी.

पीएनसी पार्क हे अमेरिकेतलं बहुधा सर्वांत देखणं बेसबॉल मैदान. अ‍ॅलेगनी नदीच्या काठावर, समोर पुलांची रांग आणि पलीकडे शहराच्या इमारती. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये या मैदानासाठी आणि अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमसाठी विक्रीकरात अर्ध्या टक्क्याची वाढ करावी का, असं पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या अकरा काउंट्यांमधल्या मतदारांना विचारलं गेलं. लोकांनी साफ नाही म्हटलं. मग पुढाऱ्यांनी 'प्लॅन बी' काढला, राज्याचा आणि आधीच गोळा होत असलेल्या स्थानिक कराचा पैसा वळवला, आणि २००१ मध्ये मैदान उघडलं. खर्च एकवीस कोटी डॉलरच्या वर, आणि त्यातला फार मोठा भाग सार्वजनिक. त्याशिवाय १९२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून जी सूट आहे, तशी अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याही खेळाला नाही. मैदान लोकांचं, सूट कायद्याची, वाटा शेजाऱ्याचा. इतकं सगळं घेतल्यावर खासगी धंदा म्हणून हात वर करायला माणसाला थोडी लाज वाटायला हवी.

त्या मैदानाच्या बाहेरच गेल्या वर्षी एक प्रकार घडला. २००१ च्या सुमारास चाहत्यांनी पैसे भरून आपली, आईवडिलांची, गेलेल्या माणसांची नावं कोरलेल्या विटा पदपथात बसवून घेतल्या होत्या. २०२५ च्या मोसमाआधी पदपथाच्या दुरुस्तीसाठी त्या उखडल्या गेल्या. आणि एप्रिलमध्ये त्या एका रिसायकलिंग केंद्राच्या ढिगात पडलेल्या दिसल्या, नावं वर, चिखलात. फोटो सगळीकडे फिरले. मग क्लबने सारवासारव केली. त्याच महिन्यात उजवीकडच्या भिंतीवरचा २१ हा आकडा गायब झाला आणि तिथे एका मद्यपेयाची जाहिरात आली. २१ हा रॉबेर्टो क्लेमेंटेचा नंबर. पोर्टो रिकोचा हा थोर खेळाडू ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाला असताना विमान कोसळून गेला. त्याच्या नावावर बरोबर तीन हजार हिट आहेत. ती भिंत त्याच्या मानासाठी २१ फूट उंच बांधलेली. मुलाने जाहीर नाराजी व्यक्त केल्यावर आकडा परत आला, माफीही आली. मुद्दाम अपमान करायचा म्हणून कुणी हे केलं नसणार, याची मला खात्री आहे. भिंतीवर विकता येईल अशी मोकळी जागा कुठे आहे हे बघत फिरणाऱ्याला तिथे काय होतं ते दिसलंच नसेल. मला त्यातलं तेच जास्त लागलं.

घरच्या पहिल्या सामन्याला 'संघ विका' अशा घोषणा झाल्या, विमानामागे तशीच फडफडती पाटी बांधून ते मैदानावरून फिरवलं गेलं. मालक बॉब नटिंग यांनी संघ विकलेला नाही. २००७ पासून सूत्रं त्यांच्याकडे आहेत, आणि विकायचा नसेल तर तो त्यांचा हक्क आहे. घोषणा देऊन मालक बदलत नसतात. नियम मात्र बदलता येतात.

नियम बदलल्यावर माणूस कसा वागतो, याचा ताजा नमुना आहे अ‍ॅथलेटिक्स. ऑकलंडमधून गाशा गुंडाळून सॅक्रामेंटोत तात्पुरता तंबू ठोकलेला हा संघ कंजूसपणाचा बादशहा. २०२४–२५ च्या हिवाळ्यात त्यांनी अचानक लुईस सेव्हेरिनो या पिचरला तीन वर्षांसाठी ६ कोटी ७० लाख दिले, त्यांच्या तोवरच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार. साक्षात्कार झाला होता का? बातम्यांनुसार कारण साधं होतं: सामायिक तिजोरीतून मिळणाऱ्या रकमेच्या साधारण दीडपट खर्च पगारावर केला नाही, तर संघटना तक्रार करेल आणि वाटा धोक्यात येईल. बडगा दिसल्याबरोबर थैली सुटली. आज ही तरतूद तक्रारीच्या आणि लवादाच्या वाटेने, कासवगतीने चालते. ती थेट आणि आपोआप लागू व्हावी, एवढीच माझी मागणी आहे. ठरावीक रकमेच्या खाली पगार गेला, तर जेवढी तूट तेवढा वाटा कापायचा आणि तो त्याच संघाच्या खेळाडूंत वाटून टाकायचा.

आपल्याकडे आयपीएलमध्ये हे रोजचं आहे. २०२५ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाकडे १२० कोटींची थैली होती आणि तिच्या किमान ७५ टक्के रक्कम खर्चणं बंधनकारक होतं. वर झाकण, खाली बूड. त्यात कुणाला क्रांती वाटली नाही. पिट्सबर्गकरांना तर आयपीएलपर्यंतही जायला नको. याच गावातले अमेरिकन फुटबॉलचे स्टीलर्स आणि आइस हॉकीचे पेंग्विन्स अशाच दुहेरी मर्यादेत खेळतात. पेंग्विन्स १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेले होते; २००५ मध्ये हॉकीत कमाल आणि किमान मर्यादा आली, त्यानंतर त्यांनी २००९, २०१६ आणि २०१७ असे तीन स्टॅनली कप, म्हणजे लीगची विजेतेपदं आणली. सिडनी क्रॉस्बी मिळाला हे नशीब, पण त्याच्याभोवती संघ बांधणं नशिबावर सोडलं गेलं नाही. गाव लहान असल्याची तक्रार त्या दोन संघांच्या तोंडून कधी ऐकू येत नाही.

मग बेसबॉलमध्येही झाकण आणि बूड एकत्रच आणा, असं मालक म्हणणार, आणि नेमका तिथेच सापळा आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मालकांनी दहा कोटी डॉलरच्या किमान पगाराची तयारी दाखवली होती, पण बदल्यात, पगार ज्या रकमेच्या वर गेला की संघाला दंड बसतो ती रेषा अठरा कोटींवर खाली आणायची अट घातली. संघटनेने नकार दिला, आणि डिसेंबरपासून ९९ दिवस टाळेबंदी झाली. संघटनेचा पगारमर्यादेवरचा राग जुना आहे. १९९४ मध्ये त्याच मुद्द्यावर २३२ दिवसांचा संप झाला आणि विजेतेपद ठरवणारी वर्ल्ड सीरीज रद्द झाली. यंदा मालकांच्या हातात डॉजर्सचं बुजगावणं आहे. सलग दोन विजेतेपदं, २०२५ साठी जवळपास १७ कोटींचा निव्वळ दंड, म्हणजे पायरेट्सच्या सगळ्या संघाच्या पगाराच्या दुपटीच्या आसपास, आणि एवढ्यावर न थांबता या जानेवारीत काइल टकरला चार वर्षांचे २४ कोटी. हे पाहून कुणाचाही जीव खालीवर होईल. माझाही होतो.

तरीही डॉजर्सना लगाम घातल्याने स्कीन्सच्या मागे एकही धाव वाढणार नाही. डॉजर्सचा टकर पिट्सबर्गला येणार नव्हताच. वरचा उधळ्या आणि खालचा चिक्कू ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि मालकांना दुसऱ्याचं औषध पहिल्याच्या शस्त्रक्रियेशिवाय द्यायचंच नाही, कारण त्या शस्त्रक्रियेत त्यांचे पैसे वाचतात. संघटनेलाही बूड नकोसं वाटतं, उद्या त्याच्यामागून झाकण येईल म्हणून. ही भीती मला समजते, पण पटत नाही. किमान खर्चाची अट लीगच्या एकूण उत्पन्नाशी न बांधता फक्त मिळालेल्या वाट्याशी बांधली, तर झाकणाचा प्रश्नच येत नाही. घेतलंस तर खर्च कर, नाहीतर घेऊ नकोस.

राहिला येणारा मोसम. आशा आहे, आणि ती नुसती पोकळ नाही. कॉनर ग्रिफिन हा १९ वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) बहुतेक जाणकारांच्या यादीत सबंध बेसबॉलमधला पहिल्या क्रमांकाचा होतकरू खेळाडू आहे. २०२५ मध्ये खालच्या तीन पातळ्या चढत त्याने .३३३ च्या सरासरीने २१ होम रन मारले आणि ६५ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळून पुढचा बेस गाठला. पिचर बबा चँडलर गेल्या ऑगस्टमध्ये वर आलाय, जेरेड जोन्स कोपराच्या शस्त्रक्रियेतून सावरतोय. लाऊ आणि ओहर्न हे डावखुरे फलंदाज आहेत आणि पीएनसी पार्कची उजवी बाजू डावखुऱ्यांना मानवते. माझा अंदाज ८२ ते ८५ विजय, आणि सप्टेंबरपर्यंत जीव टांगणीला. हे लिहीत असेपर्यंत मॅककचन करारमुक्तच होता. एकोणचाळिशीतल्या माणसाला हृदयापेक्षा हिशेबाने जोखावं हे मला कळतं, पण हिशेबच पाहायचा तर या क्लबने इतकी वर्षं जो जपून ठेवला त्यातून एक वर्ष निघायला हरकत नव्हती.

मी पाहणार आहे त्या दोन गोष्टी. पहिली ग्रिफिनची. तो तयार असूनही त्याला मोसमाच्या सुरुवातीचे काही आठवडे इंडियानापोलिसच्या दुय्यम संघात बसवून ठेवला, तर क्लबला त्याच्यावरचं एक जादा वर्ष मिळू शकतं. कायद्याने चालतं, खोडसाळपणा सगळ्यांना दिसतो. दुसरी जुलैअखेरची. लाऊचा करार या मोसमाबरोबर संपतोय. संघ शर्यतीत असेल आणि तेव्हा फलंदाज विकत घेतला गेला, तर ओहर्नचा करार खरा होता असं मी मानेन. शर्यतीत असूनही लाऊला कुणाच्या तरी दोन पोरांच्या बदल्यात विकलं गेलं, तर डिसेंबरच्या वाटाघाटीत किमान खर्चाच्या बाजूने दुसरा युक्तिवाद करायची कुणाला गरज उरणार नाही. पायरेट्सचा तो व्यवहारच पुढे करावा.